मंगळवार की गुरुवार? गोळ्यांच्या डबीचा आठ महिन्यांचा अनुभव

वस्तू साधी आहे. आठवडाभराच्या गोळ्या भरून ठेवायची प्लास्टिकची डबी. सात वार, प्रत्येक वाराला वर सकाळचा आणि खाली रात्रीचा कप्पा, म्हणजे एकूण 14. झाकणं निळसर, पण आरपार दिसणारी. गोव्यात म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला गेले होते तेव्हा एका फार्मसीतून 180 रुपयांना घेतली. डबीवर कंपनीचं नाव नाही. मागे नुसता एक स्टिकर होता, तो पहिल्याच आठवड्यात निघाला. त्यामुळे अमुकच कंपनीची घ्या असं मला सांगता येणार नाही. काय बघून घ्यावी आणि माझ्यासारख्याला ती कशाला लागते, तेवढं सांगते.

मी डिचोलीला घरीच शिवणकाम करते, 24 वर्षं झाली. ब्लाऊजला मी नऊ मापं घेते: उंची, खांदा, छाती, कंबर, मुंढा, बाहीची उंची, बाहीचा घेर, पुढचा गळा, मागचा गळा. पूर्वी चार-पाच मापं एका दमात घ्यायची आणि मग वहीत उतरवायची, अशी माझी सवय. गेल्या वर्षी चवथीच्या म्हणजे गणपतीच्या आधी, आमच्या ऐन हंगामात, टेप काढून वहीकडे वळेपर्यंत आकडा जायला लागला. 34 होता की 36? परत टेप. गिऱ्हाईक बिचारं हात वर करून उभं. एका बाईंची छाती मी तीनदा मोजली. चौथ्यांदा टेप लावली तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "ताई, बरं नाही का तुम्हांला?"

बरं नव्हतंच. पहाटे तीनला जाग यायची ती परत डोळा लागत नसे. जेवण नको, माणसं नको. पण त्याला मी दुखणं म्हणत नव्हते. मला भीती होती ती विसरण्याची. मालिकेचा अख्खा भाग बघून उठायचं आणि नवऱ्याने काय झालं विचारलं तर सांगता येऊ नये. देवाजवळ दिवा लावला की नाही ते बघायला दोनदा उठायचं. मुलगी पुण्याहून फोन करायची, तिने कालच सांगितलेलं मी आज परत विचारायचे आणि पलीकडे ती गप्प व्हायची. माझ्या आईला शेवटची सहा वर्षं स्मृतिभ्रंश होता. तिने मला ओळखायचं सोडलं तो दिवस मी पाहिलाय. मला वाटलं, तेच आलं, आणि ते 49 व्या वर्षीच आलं. तीन महिने कोणाला सांगितलं नाही.

शेवटी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी बांबोळीला पाठवलं. मेडिकल कॉलेजला नव्हे, मनाच्या इस्पितळात. मला त्याची लाज वाटत होती. आता वाटत नाही, म्हणून इथे लिहितेय.

तिथे आधी रक्त तपासलं, थायरॉईड आणि बी-12. ही दोन्ही बिघडली तरी माणूस मंद होतो, विसरतो, उदास होतो. माझं थायरॉईड थोडं कमी निघालं. पण तेवढ्याने सगळं उलगडत नव्हतं. मग नऊ प्रश्नांचा कागद दिला. गेल्या दोन आठवड्यांत हा त्रास किती वेळा झाला, एवढंच विचारतात. अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. सातवा प्रश्न होता, वर्तमानपत्र वाचताना किंवा टीव्ही बघताना लक्ष लागत नाही असं होतं का. तो वाचून मी तिथेच रडले. माझं विसरणं कुणीतरी आधीच कागदावर छापून ठेवलं होतं. म्हणजे ते माझ्या एकटीचं नव्हतं, आणि उदासपणाच्याच यादीत होतं.

डॉक्टरांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. आपण विसरतो असं म्हणतो, पण पुष्कळदा ती गोष्ट मनात उतरलेलीच नसते. लक्ष हा दरवाजा. नैराश्यात लक्ष आतच गुंतलेलं असतं, तेच तेच विचार फिरवत बसतं, आणि बाहेरून आलेली गोष्ट उंबऱ्यावरूनच परत जाते. शिवाय मनाच्या तळहातावर एका वेळी तीन-चार गोष्टीच मावतात. धडधाकट माणसाचंही एवढंच. त्यातल्या दोन जागा काळजीने अडवल्या तर छातीचं माप ठेवायचं कुठे? वर झोप नाही. दिवसभराचं मनात पक्कं बसतं ते बरंचसं झोपेत, आणि माझी झोप तीनलाच संपत होती.

आईसारखं झालं का, हेही मी विचारलं. ते म्हणाले, तुम्ही स्वतः येऊन मला आठवत नाही म्हणून सांगताय, कधीपासून तेही महिन्यानिशी सांगताय. स्मृतिभ्रंशात बहुतेक वेळा तक्रार घेऊन घरची माणसं येतात, रोगी सावरून नेतो. तरी त्यांनी माझ्याकडून कागदावर घड्याळाचं चित्र काढून घेतलं, शब्द पाठ करून घेतले, सगळी तपासणी केली. वय झालेल्या माणसात दोन्ही एकत्रही असू शकतात, त्यामुळे अंदाजावर सोडू नये, असं त्यांचं म्हणणं. ही गोष्ट माझ्यासारख्या घाबरलेल्या प्रत्येक लेकीने ऐकावी असं मला वाटतं.

मग गोळ्या. थायरॉईडची सकाळी उपाशीपोटी, मनाची सकाळी खाल्ल्यावर, आणि प्रेशरची रात्री, ती आधीपासूनचीच. मनाच्या गोळीचा फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता गुण यायला त्याहून जास्त, असं सांगितलं होतं. सहा आठवडे झाले तरी मला काहीच नाही. उलट अधूनमधून डोक्यात बारीक विजेचा झटका बसल्यासारखं व्हायचं, मान वळवली की गरगरायचं. मी म्हटलं, डॉक्टर, ही गोळी मला लागत नाही, बदलून द्या. त्यांनी विचारलं, पट्ट्या आणल्यात का? पिशवीतच होत्या. 45 गोळ्या नेल्या होत्या, 42 दिवस झाले होते, हिशेबाने 3 उरायला हव्या होत्या. टेबलावर मोजल्या तर 19 निघाल्या.

गोळी लागत नव्हती असं नाही. ती पोटातच जात नव्हती. ते झटकेही मधले दिवस बुडाल्याचे होते.

प्रेशरच्या गोळीचं नेमकं उलट. रात्री घेतली की नाही ते आठवेना म्हणून एकदा परत घेतली, आणि सकाळी तुळशीपाशी डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसले. हे का होतं त्याचा मी नंतर खूप विचार केला. गोळी घेणं ही रोजची एकसारखी कृती. कालची गोळी आणि आजची गोळी यांत मनाला धरून ठेवायला वेगळं काही नसतं. लक्ष ठिकाणावर असतं तेव्हा निदान पाण्याचा पेला, खिडकीतला उजेड असं काहीतरी सोबत चिकटतं. माझं तेही चिकटत नव्हतं. "घेतली का?" असं मनाला विचारलं की मन सांगायचं, घेतली असशील. तेवढ्यावर औषध चालत नाही.

डबीच्या आधी मी दोन उपाय करून बघितले. पहिला, फोनचा गजर. गजर वाजतो, आपण बंद करतो, स्वयंपाकघरात जाईपर्यंत कशाला उठलो तेच जातं. आणि संध्याकाळी विचारलं तर गजर सांगत नाही की गोळी गेली की नाही. दुसरा उपाय माझ्या धंद्यातला. बॉबिन ठेवायची पारदर्शक डबी असते, 25 खाचांची, ती माझ्याकडे होतीच. त्यात गोळ्या मांडल्या. पण तिला झाकण एकच. एकदा हातातून सुटली आणि मंगळवार, बुधवार, सकाळ, रात्र सगळं फरशीवर एक झालं. प्रत्येक कप्प्याला वेगळं झाकण लागतं हे मी त्या दिवशी शिकले.

आता या डबीचं. सगळ्यांत मोठा गुण म्हणजे आरपार झाकण. दुकानात अपारदर्शक, सुंदर रंगांच्याही होत्या, त्या घेऊ नका. इथे रिकामा कप्पा हाच साक्षीदार आहे. पूर्वी सकाळी दहा-पंधरा मिनिटं माझं माझ्याशी भांडण चालायचं, घेतली की नाही, पट्टी मोज, कालची धरून मोज, परत चूक. त्या भांडणात उरलेलं लक्षही जायचं. आता एक नजर टाकते. कप्पा रिकामा, विषय संपला. पहिले दोन आठवडे मला गुण आला तो गोळीचा नव्हता, तो हा प्रश्न थांबल्याचा होता, असं मला अगदी खात्रीने वाटतं.

सगळ्यांत मोठा दोष अक्षरांचा. झाकणांवर इंग्रजी वारांची पहिली अक्षरं आहेत: एस, एम, टी, डब्ल्यू, टी, एफ, एस. म्हणजे टी दोन आणि एस दोन. ज्याचं डोकं ठिकाणावर आहे त्याला यात अडचण नाही, पण डबी घेतो कोण? तिसऱ्याच आठवड्यात एका गुरुवारी मी मंगळवारचा रिकामा कप्पा बघितला, घेतली समजले आणि मशीनवर बसले. दुपारी डोकं हलायला लागलं तेव्हा कळलं. ज्याने ही डबी घडवली त्याने विसरणाऱ्या माणसाला एकदा तरी हातात देऊन बघायला हवी होती. मी नेलपॉलिशने मराठी अक्षरं काढली. मार्करने काढू नका, घामाच्या हाताने पुसतात. घरात आम्ही गुरुवारला बिरेस्तार म्हणतो, पण बुधवारच्या बु शेजारी बि आला की परत तोच घोळ, म्हणून गु लिहिला. शु आणि श सुद्धा सारखे दिसतात, म्हणून शनिवारला अक्षर नाहीच, नुसता लाल ठिपका.

आणि डबी आज कोणता वार हे सांगत नाही. वाचणाऱ्याला हे क्षुल्लक वाटेल. पण त्या काळात माझे सगळे दिवस एका रंगाचे होते. म्हणून डबी कॅलेंडरच्या खाली ठेवली आणि गोळी घेतली की तारखेवर पेन्सिलीने रेघ मारते.

हवेचं मुद्दाम सांगते, कारण आपला पाऊस. जून ते सप्टेंबर गोव्यात कपाटातल्या चपलेला बुरशी येते, तिथे पट्टीतून काढलेली गोळी चौदा झाकणांच्या डबीत कोरडी कशी राहणार? डबी हवाबंद नाही. जुलैत दोन गोळ्या मऊ पडल्या आणि झाकणाला चिकटल्या. फार्मसीतल्या मुलीने सांगितलं, थायरॉईडची गोळी तर डबीत टाकूच नका, तिला दमट हवा आणि उजेड चालत नाही, ती तिच्या बाटलीतच राहू दे. बाकीच्या दोन मी आता पट्टीसकट ठेवते, एकेक गोळी पट्टीपासून वेगळी कापून. कापडाची कात्री कधी वापरू नये, धार जाते, त्यासाठी जुनी कात्री वेगळी केलीय. दोन गोष्टी सांभाळा. कापताना पट्टीवरची मुदतीची तारीख जाते, म्हणून तारीख छापलेला तुकडा शेवटपर्यंत ठेवावा. आणि घरात दृष्टी अधू झालेलं कोणी असेल तर त्यांना अशा कापलेल्या गोळ्या देऊ नयेत, कोपरे धारदार असतात, चुकून वेष्टनासकट गिळलं तर घशाला, अन्ननलिकेला इजा होते.

लहान मुलांपासून संरक्षण शून्य. बहिणीचा तीन वर्षांचा नातू एका मिनिटात चारही बाजूंनी झाकणं उघडून बसला. सुदैवाने शनिवार संध्याकाळ होती आणि डबी जवळजवळ रिकामी होती. पाव ठेवायच्या डब्यावर, उंच फळीवर गेली ती त्या दिवसापासून.

ती जागा खरं तर काउन्सेलर बाईंनी सुचवली होती. वेळेवर आठवण्यापेक्षा एखाद्या घडणाऱ्या गोष्टीला गोळी जोडा, म्हणाल्या. साडेआठची गोळी म्हटलं तर घड्याळावर लक्ष ठेवावं लागतं, आणि लक्षच तर नाही. आमच्याकडे सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजतो. पोई, म्हणजे आमचा पाव, घ्यायची, डब्यात ठेवायची, डब्यावर गोळ्यांची डबी. हात आपोआप तिथे जातो. बाईंची सगळी पद्धतच अशी. मन लागेल तेव्हा काम करीन असं म्हणायचं नाही, छोटं काम ठरवून, लिहून करायचं, मन मागून येतं. माझी भाची मानसशास्त्र शिकवते. तिने सांगितलं की अशाच धर्तीचं काम संगात या संस्थेने आपल्या गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत करून बघितलं. डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवून नैराश्याच्या रोग्यांबरोबर सहा ते आठ बैठका घेतल्या. नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा त्या रोग्यांना जास्त गुण आला, आणि ते 2017 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आपल्या आरोग्य केंद्राच्या बाकड्यावर हे घडलं याचा मला अभिमान वाटला.

भाचीने आणखी एक सांगितलं. काउन्सेलर बाईंनी मला विचारलं होतं, गेल्या वर्षातला एक चांगला दिवस सांगा. मी म्हटलं, पूर्वी सगळं चांगलंच होतं. एक दिवस सांगा. चवथीला मजा येते. पण एखादी दुपार, एखादा चेहरा, काही हाती लागेना. बिघडलेला एक ब्लाऊज मात्र त्याच्या अस्तराच्या रंगासकट आठवत होता. भाची म्हणाली, नैराश्यात हे होतं, 1986 साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी ते आधी आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या रोग्यांत नोंदवलं, मग नैराश्याच्या रोग्यांतही दिसलं. आठवणी धुक्यासारख्या सरसकट होतात, सुटी सुटी घटना सापडत नाही, आणि दुःखाच्या मात्र पटकन वर येतात. म्हणून शनिवारी रात्री डबी भरताना मी मापवहीच्या मागच्या पानावर त्या आठवड्यातली एक घटना लिहिते. "फ्रॉक घालून पोर गरगर फिरली, घेर पुरला." एवढंच. डबीशी याचा संबंध नाही, पण भरायची वेळ ठरलेली असल्यामुळे हेही होतं.

घरच्यांना एक विनंती. डबी आणल्यावर नवरा सुरुवातीला रोज झाकणं तपासायचा आणि "आज विसरलीस" असं म्हणायचा. काळजीनेच म्हणायचा. पण मला परीक्षेचा निकाल ऐकल्यासारखं व्हायचं. मग ठरलं की तो फक्त शनिवारी माझ्यासोबत बसून भरणार, मधे विचारणार नाही. आणि उरलेल्या पट्ट्या त्याच्याकडे. हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, कारण त्या दिवसांत माझ्या मनात नको ते विचार येऊन गेले होते आणि मी ते त्यांना सांगितले होते. हाताशी आठवड्याच्याच गोळ्या असणं हा डबीचा असा फायदा आहे जो वेष्टनावर लिहिलेला नसतो. कोणाच्या मनात असं येत असेल तर घरच्यांना, डॉक्टरांना सांगा. 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलतात.

गोळी चुकलीच तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. काय करायचं ते आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून डबीखाली ठेवा. आयत्या वेळी आठवत नाही.

आता आठ महिने झाले. झोप आली, भूक आली, रडू थांबलं. लक्ष सगळ्यांत शेवटी येतंय. ते मनापेक्षा सावकाश येतं, काहींचं थोडं मागे राहतंही, हे मला आधीच सांगितलं होतं म्हणून मी धीर धरून आहे. अजून चार मापं एकदम घेत नाही. एक घेते, मोठ्याने म्हणते, लिहिते, मग दुसरं. गिऱ्हाइकांना वाटतं नवी पद्धत आहे. पहिल्यांदा दोन मापं एकत्र डोक्यात राहिली त्या दिवशी मी मुलीला फोन केला होता.

एकच गोळी रोज घेणाऱ्याला आणि डोकं ताळ्यावर असणाऱ्याला ही डबी लागत नाही, पट्टीमागे वार लिहिले तरी चालेल. दोन-तीन गोळ्या असतील आणि "घेतली की नाही" हा प्रश्न आठवड्यातून दोनदा जरी पडत असेल, तर 180 रुपये द्यावेत. घेताना झाकण आरपार आहे ना आणि बोटाने एका दमात उघडतं ना, ते बघा. बिजागरी मात्र नाजूक आहे. माझ्या शनिवारच्या रात्रीच्या कप्प्याची पाचव्या महिन्यात तुटली. मी अर्ध्या इंचाचं इलॅस्टिक घेऊन डबीभोवती बसेल असा पट्टा शिवला, शनिवारच्या बाजूला. अजून टिकलाय.